मालकाचं उत्तर : फेऱ्या तीन झाल्या, मजुरी एकाच फेरीची घेतली

नमस्कार शेठ,

आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानावरचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना वाचला. एक स्टार, आणि खाली लिहिलंय, "लातूर मार्केट यार्डात आमची आडत आहे, तीन स्क्रीन लावलेत. रोज सकाळी सेटिंग गायब. यांचा पोरगा येतो, माऊसनं स्क्रीन इकडच्या तिकडं सरकवतो, पैसे घेतो, दुसऱ्या दिवशी जैसे थे. तीन वेळा आले, तीन वेळा लुटलं."

ऐन सोयाबीनच्या आवकेत तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल माफी मागतो. दुसऱ्या वेळी पोरगा अकराला येतो म्हणून पाचला उगवला, ती चूक आमचीच. सौदा निघाल्यावर शेतकरी समोर उभा आणि हिशोबपट्टी कुठल्या स्क्रीनवर गेली ते सापडेना, म्हणजे डोकं फिरणारच.

पण "तीन वेळा लुटलं" हे मात्र पटलं नाही शेठ. पहिल्या फेरीचे 400 घेतले, पावती तुमच्या व्हॉट्सॲपवर आहे. दुसऱ्या फेरीला 350 घेतले ते नव्या कन्व्हर्टरचे, म्हणजे जुन्या मॉनिटरची वायर कॉम्प्युटरला जुळवणाऱ्या डबीचे, मजुरी एक रुपया नाही. तिसऱ्या फेरीला मी स्वतः आलो आणि काहीच घेतलं नाही. तुमच्याकडं चहा तेवढा घेतला. तो धरायचा असेल तर धरा. चौदा वर्षं झाली दुकानाला, लुटायचं असतं तर एव्हाना गंजगोलाईत स्वतःचा गाळा असता, भाड्याचा नसता.

आता सेटिंग का जात होतं ते सांगतो, कारण वाचणाऱ्याला वाटेल आम्हाला काम येत नाही.

तुमच्या मशीनला दोन मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर आहेत आणि तिसरा जुना एचडीएमआयवरून कन्व्हर्टर लावून (मॉनिटरची वायर जोडायच्या या दोन वेगळ्या प्रकारच्या खोबणी). डिस्प्लेपोर्टवाल्या मॉनिटरची वीज तोडली की बऱ्याचदा कॉम्प्युटरला तो वायरच उपटल्यासारखा वाटतो. मग विंडोज त्याला हिशोबातूनच काढतं आणि त्याच्यावरच्या सगळ्या खिडक्या उरलेल्या स्क्रीनवर नेऊन टाकतं. एचडीएमआयचं तसं नसतं, मॉनिटर बंद असला तरी कॉम्प्युटरकडून येणाऱ्या पाच व्होल्टवर त्याची ओळख बहुतेक वेळा शाबूत राहते. म्हणून तुमची टॅली, भाव, कॅमेरे, सगळं रोज सकाळी त्या जुन्या छोट्या स्क्रीनवर गोळा झालेलं दिसायचं. त्यात जुना कन्व्हर्टर मॉनिटरची माहिती नीट पोचवत नव्हता, म्हणून चित्र कमी ठिपक्यांवर, 1024 बाय 768 वर यायचं आणि अक्षरं जाडजूड व्हायची. तो बदलला, आणि जाडी गेली की नाही? त्याचं रिव्ह्यूत एक अक्षर नाही.

वीज कोण तोडत होतं, हे आमच्या पोराला दोन फेऱ्यांत कळलं नाही, कारण तो दिवसा यायचा. मलाही आधी सुचलं नाही, खोटं कशाला बोलू. म्हणून तिसऱ्या वेळी मुद्दाम रात्री सव्वाआठला आलो. मुनीमकाकांनी गल्ला मोजला, कुलूप लावलं, लक्ष्मीच्या फोटोपुढं उदबत्ती ओवाळली, आणि जाता जाता अंगठ्यानं बोर्डाचं बटण खाली दाबलं. तिन्ही स्क्रीनचे दिवे गेले. कॉम्प्युटर मात्र दुसऱ्या बोर्डावर, यूपीएसवर, कारण टॅलीचा बॅकअप रात्री चढतो. मी विचारलं, "काका, रोज?" ते म्हणाले, "रोज. शेजारच्या गाळ्यात शॉर्टसर्किट झाल्यापासून मी एक रात्र चुकवली नाही." आता अशा माणसाला काय बोलणार? काही बोललो नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

त्याच रात्री मॉनिटरच्या मेनूत डीप स्लीप, म्हणजे मॉनिटरनं स्वतःहून गाढ झोपायची सोय, बंद केलं. विंडोज 11 मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 'रिमेंबर विंडो लोकेशन्स बेस्ड ऑन मॉनिटर कनेक्शन' अशी टिक असते, ती लावून दिली. बटणावर टेप चिकटवून 'बंद करू नये' लिहिलं. त्यानंतर नऊ दिवस तुमचा फोन नव्हता.

दहाव्या दिवशी फोन आला, "परत गेलं, आता तर उजवं डावीकडं झालंय." मी पहिल्यांदा टेपचं विचारलं. तुम्ही म्हणालात, दिवाळीच्या झाडपुशीत निघाला. झाडपुशीत मागच्या वायरीही काढून लावल्या होत्या. तुमचे दोन्ही मोठे मॉनिटर एकाच मॉडेलचे, ऑनलाइन घेतलेले (आमच्याकडून नव्हे, पण जाऊ द्या). काही मॉनिटरच्या आत सिरियल नंबर कोराच असतो, मग विंडोजला जुळ्या भावांतला थोरला कोण हे कळत नाही, ते फक्त वायर कुठल्या खोबणीत आहे तेवढं बघतं. वायरी अदलाबदल झाल्या की डावं उजवीकडं जाणारच. त्या दिवशी सौदा चालू होता म्हणून मी फोनवर सांगितलं, दोन्ही वायरी एकमेकींच्या जागी लावा. तुम्ही "बघतो" म्हणालात आणि रात्री रिव्ह्यू टाकला.

दुःख त्याचं झालं. आजकाल गिऱ्हाईक फोन लावायच्या आधी स्टार बघतं. दुकानात दोन लेकरं कामाला आहेत, त्यांचाही पगार ह्याच्यावरच आहे.

यापुढं पोराला वेळेवर पाठवू, आणि काय काय केलं ते कागदावर लिहून द्यायचं बघतो. पहिल्याच फेरीत बोर्ड, प्लग वगैरे पण विचारायला सांगितलंय त्याला.

उद्या सकाळी सौद्याच्या आधी येतो, पैसे नकोत. दोन्ही वायरींना लाल-निळा टेप मारून खुणा करून देतो. मॉनिटर वेगळ्या बोर्डावर घेतो, म्हणजे काकांना त्यांचं बटण रोज दाबता येईल. स्टार वाढवा म्हणत नाही. ते "तीन वेळा लुटलं" तेवढं काढा, एवढीच विनंती. काकांना नमस्कार सांगा.