भाच्याने कुठली गाडी घ्यावी, यावर माझं स्पष्ट मत

गणपतीला भाचा घरी आला होता. इंग्लंडमध्ये शेफिल्डला नोकरी करतो. धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीने जाताना त्याने विषय काढला. पैसे साठवलेत, दोन दारांची गाडी घ्यायचीय, दोन-तीन वर्षं वापरलेली. एकीकडे जपानी माझदा कंपनीची उघड्या छपराची, दोन सीटची एमएक्स-५, दुसरीकडे बीएमडब्ल्यूची २२०आय कूपे. "मामा, तू दोन्ही चालवल्यायस. तू सांग." मी सांगायला सुरुवात केली तोवर दाभोळचा धक्का आला. राहिलेलं इथे लिहितोय.

दोन्ही गाड्यांत दोन लिटरचं पेट्रोल इंजिन. दोन्ही १८४ पीएसच्या, म्हणजे अश्वशक्तीच्या. दोन्हींत ताकद मागच्या चाकांना. फरक आहे तो वजनाचा. माझदा हजार किलोच्या जराशी वर, बीएमडब्ल्यू दीड टनाच्या आसपास. म्हणजे जवळजवळ सहा धडधाकट माणसं कायम गाडीत बसवून फिरायचं.

हे कोकणातल्या माणसाला वेगळं समजवावं लागू नये. रिकामी होडी वल्हवा आणि मासळीने भरलेली वल्हवा. रिकामी एका फटक्यात तोंड फिरवते, भरलेलीला आधीपासून सांगत राहावं लागतं.

आमच्या घरी बाबांची मारुती ८०० होती, साडेसहाशे किलोच्या आसपासची. एका जूनमध्ये वेळणेश्वरच्या उतारावर तांबड्या चिखलात रुतली, तर आम्ही चौघांनी मागून उचलून बाजूला ठेवली. कुंभार्ली घाटात तीच गाडी मी वर्षानुवर्षं चालवली. पुढचं चाक डांबरावर आहे की सुट्या खडीवर, ते स्टेअरिंग धरलेल्या तळव्याला कळायचं. गाडी चालवणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं. नंतर घेतलेल्या कुठल्याच गाडीत ते तसं परत मिळालं नाही.

मिळालं ते गेल्या मे महिन्यात. भाच्याकडे गेलो होतो, एक दिवस एमएक्स-५ भाड्याने घेतली आणि शेफिल्डहून स्नेक पास या डोंगरातल्या वळणावळणाच्या रस्त्याला गेलो. छप्पर उघडं, रस्त्याच्या कडेला मेंढ्या. गिअरचा दांडा इतका आखूड की नुसतं मनगट हलवलं तरी गिअर पडतो. एक डावं वळण पुढे जाऊन अचानक आवळलं. गाडी किंचित कलली, ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा सैल केला आणि तिचं नाक आपोआप आत वळलं. वेग फार नव्हता, साठेक किलोमीटर असेल. पण काय चाललंय ते कमरेला, हाताला, पायाला एकाच क्षणी कळत होतं. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, पुढच्या थांब्यावर गाडी उभी करून नुसता हसत बसलो.

बीएमडब्ल्यू दुसऱ्या दिवशी चालवली, शोरूमच्या माणसाला शेजारी बसवून. उत्तम गाडी आहे, त्यात दुमत नाही. आठ गिअरचा ऑटोमॅटिक लोण्यासारखा, आत शांतता, सीट आरामखुर्चीसारखी. पण रस्ता दूर राहिला. वजन वाढलं की ते पेलायला टायर रुंद लागतात, स्प्रिंग कडक लागतात, ब्रेक मोठे लागतात आणि या सगळ्याचं पुन्हा वजन होतं. माझदाने हीच साखळी उलटी फिरवली. बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं, इंजिन पुढच्या चाकांच्या रेषेमागे सरकवलेलं. गाडी हलकी, म्हणून मऊ स्प्रिंगवरही भागतं. १९८९ साली पहिली एमएक्स-५ आली, २०१६ मध्ये दहा लाखावी बनली, आणि हिरोशिमाच्या लोकांनी तो हलकेपणा अजून हातचा जाऊ दिलेला नाही. मला याचं फार कौतुक आहे.

आपल्या शेजारी गोव्यातही एकदा अशी गाडी बनत होती. सॅन स्टॉर्म, उघड्या छपराची, दोन सीटची, रेनोचं छोटं इंजिन आणि फायबरची बॉडी.  ती गाडी बाजारात टिकली नाही, चालली नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

ताईचं म्हणणं वेगळं आहे. बीएमडब्ल्यूला मागे दोन सीट आहेत, डिकी ३९० लिटरची. माझदाची १३०, दोन मऊ बॅगांत भरते. शिवाय गावात बीएमडब्ल्यू म्हटलं की सगळ्यांना कळतं, माझदा म्हटलं की विचारतात कुठली कंपनी. डिकीचा मुद्दा मला मान्य आहे. ताई तिकडे राहायला गेली की गुडघे दुमडून खाली बसलेल्या गाडीत शिरणं तिला जड जाणार, तेही मान्य. गावाचा मुद्दा मान्य नाही. गाडी शेफिल्डला उभी राहणार आहे, गुहागरच्या नाक्यावर नाही.

आणि बाळा, तुझं वय एकोणतीस. लग्न व्हायचंय, मुलं व्हायचीत. मागच्या दोन सीट लागतील तेव्हा बीएमडब्ल्यू कुठे पळून जाणार नाही. दोन सीटची गाडी घरात एकटीने पुरण्याची वर्षं मात्र तुझ्याकडे आत्ता आहेत. माझदाच घे, मॅन्युअल गिअरची, आणि खालून नीट तपासून घे. तिकडे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात आणि मीठ लोखंडाचं काय करतं ते आपल्या अंगणातल्या गेटवर रोज दिसतं. ताईशी मी बोलतो. मे महिन्यात मी येतोय, स्नेक पासला जाताना पहिली पाळी माझी.