धावपट्टी बंद झाली, पण टाकी धुवायची जागा तिथेच आहे

आमच्या इंदूरच्या घरच्या ग्रुपवर पंधरा दिवस झाले ड्रोनवरून वाद चाललाय. सांवेरकडे दादाची सोयाबीन आहे, गावातल्या बायकांच्या समूहाला नमो ड्रोन दीदी योजनेतून ड्रोन मिळालाय, पुतण्या म्हणतो आता पाठीवर पंप घेऊन औषधाच्या वासात फिरायचं संपलं, काका म्हणतात मग फवारणीच्या मजुरीवर ज्यांची चूल पेटते त्यांनी कुठे जायचं. दोघांचंही पटतं मला. पण मी राहतो ते गाव कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटो खोऱ्यातल्या भातशेतीच्या मधोमध, आणि घरापासून दहा मिनिटांवर फवारणीच्या विमानांची एक जुनी खाजगी धावपट्टी बंद पडलेली आहे. रोज संध्याकाळी तिथून चालत जातो, आणि ग्रुपवर कुणीच न बोललेली गोष्ट मला तिथे दिसते.

विमानातून औषध मारायची सुरुवात १९२१ मध्ये ओहायोत झाली, झाडांवरच्या अळ्या मारायला. खरा जोर आला दुसऱ्या महायुद्धानंतर, कारण सैन्याची ट्रेनिंगची स्टीअरमन विमानं स्वस्तात विकायला निघाली आणि लोकांनी पुढची सीट काढून तिथे औषधाची टाकी बसवली. आमच्या भागात तर भाताचं बी भिजवून, पाणी भरलेल्या शेतात अजूनही विमानातूनच टाकतात. शेजारचे आजोबा तरुणपणी शेताच्या टोकाला झेंडा धरून उभे राहायचे, पायलटला ओळ कळावी म्हणून, विमान डोक्यावरून गेलं की मोजून पुढच्या ओळीवर जायचं, औषध अंगावर पडायचंच. पुढे जीपीएस आलं, झेंडेवाले गेले, विमानं मोठी झाली त्यांना ही पट्टी पुरेना, बाजूला घरं उठली, बंद झाली.

पण हँगरच्या मागे एक जागा आहे, टाक्या भरायची आणि धुवायची, तिथे आजोबा मला जाऊ देत नाहीत. डीडीटीवर अमेरिकेत १९७२ मध्येच बंदी आली, तरी अशा जुन्या पट्ट्यांच्या मातीत ते आजही सापडतं.

आता आपल्याकडचा हिशोब बघा. पाठीवरच्या पंपाने एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, ड्रोन दहा-एक लिटरमध्ये एकर उरकतो, म्हणजे औषध जवळपास तेवढंच आणि पाणी अगदी थोडं, मग टाकीच्या तळाशी राहिलेलं ते पाणी किती जहाल असेल! आणि आपण हे भोगलेलं नाही असंही नाही, केरळात कासरगोडला काजूच्या बागांवर सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक मारलं, खाली विहिरी उघड्या होत्या, त्या गावांतली आजारी पोरं सगळ्या देशाने पाहिली.

इथे सगळं छान आहे असं मी अजिबात म्हणत नाही, इथले नियम माणसांच्या अंगावर औषध पडून गेल्यावर आले. पण आले. कॅलिफोर्नियात १९९० पासून शेतात मारलेल्या प्रत्येक औषधाची नोंद काउंटीकडे, म्हणजे इथल्या जिल्ह्याकडे, द्यावी लागते, आणि २०२५ पासून जास्त घातक औषधं मारायच्या आधी लोकांना ऑनलाइन कळतं. आपल्या योजनेत १५,००० समूहांना ड्रोन द्यायचे आहेत, किमतीच्या ८० टक्के म्हणजे जास्तीत जास्त ८ लाख सरकार देणार. त्यात विहिरीपासून लांब एक पक्का ओटा आणि एक नोंदवही का नाही बसत? ड्रोन चालवणाऱ्या त्या बायकांनाच सगळ्यात आधी याची गरज आहे, टाकी त्यांच्याच हाताने धुतली जाणार.

मी दादाला फोन करून विचारलं, धुता कुठे? म्हणाला, विहिरीच्या मोटरवर, अजून कुठे, पाणी तिथेच तर आहे. त्याच विहिरीचं पाणी वहिनी रोज माठात भरते.