इन्व्हर्टरची बॅटरी रुळांना जोडू नका: नॅरोगेजच्या डिझेल इंजिनावर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

कुडचड्याला राहणाऱ्या माझ्या भाच्याने यंदाच्या चवथीला मखराशेजारी कुळे ते दूधसागर असा जुन्या मीटरगेजचा देखावा करायचं ठरवलंय. त्यावर चालणार वायडीएम-४, म्हणजे आपल्या मुरगाव मार्गावर मीटरगेजच्या काळात धावणारं मोठं डिझेल इंजिन. १:८७ मापाचं मॉडेल आहे, रेलिंग, पायऱ्या, हवेच्या नळ्या सगळं बारकाव्याने केलेलं. परवा त्याने फोन करून विचारलं, "मामा, इन्व्हर्टरची बॅटरी थेट रुळांना जोडली तर चालेल ना? सगळे तसंच सांगतायत." कोण सगळे, विचारलं तर व्हॉट्सॲपवरचा एक मेसेज त्याने पुढे पाठवला. नंतर तोच मेसेज मला आणखी दोन गटांतून आला. म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेजमध्ये पाच गोष्टी सांगितल्यात. एक, नॅरोगेजवर (मॉडेलवाले मीटरगेजही त्यातच धरतात, ते पुढे येईलच) मोठी डिझेल इंजिनं खऱ्या आयुष्यात कधी नव्हतीच, त्यामुळे असं मॉडेल खोटं. दोन, अरुंद रुळांवर रुंद इंजिन कलंडणारच. तीन, ते वळणावर जात नाही, म्हणून मधल्या चाकांची कड कानशीने घासून टाका आणि पायऱ्या, नळ्या कापून टाका. चार, मोठ्या इंजिनाला साधा कंट्रोलर, म्हणजे वेग कमी-जास्त करणारा पुरवठा, पुरत नाही, घरातल्या इन्व्हर्टरची १२ व्होल्टची बॅटरी थेट रुळांना जोडा, "भरपूर ताकद मिळते". पाच, पावसाळ्यात रूळ गंजू नयेत म्हणून त्यांना खोबरेल तेल लावा.

चौथ्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांनी फार तर इंजिन बिघडेल. याने घर पेटेल.

मोटर लागेल तेवढाच करंट घेते. पुरवठा दोन अँपिअरचा असो की दोनशेचा, एचओ, म्हणजे १:८७ मापाच्या इंजिनाची चांगली मोटर चालताना साधारण अर्ध्या अँपिअरच्या आतच घेते. बॅटरी मोठी आहे म्हणून जास्तीचा करंट मोटरमध्ये बळजबरीने शिरत नाही आणि इंजिनाची ताकद तसूभरही वाढत नाही. वेग ठरतो व्होल्टेजवर, आणि थेट जोडलेल्या बॅटरीचं व्होल्टेज कमी-जास्त करता येत नाही. म्हणजे इंजिन एकदम पूर्ण वेगात सुटणार. त्यात इन्व्हर्टर चार्जिंगवर असेल तर तीच १२ व्होल्टची बॅटरी १४ व्होल्टच्या आसपास असते. "ताकद मिळते" हे सरळ खोटं आहे.

आता रुळावरून चाक उतरलं तर काय होतं ते बघा. मॉडेलमध्ये एक रूळ धन आणि दुसरा ऋण. धातूचं चाक घसरून दोन्हीला टेकलं की शॉर्ट. सांध्यावर, म्हणजे एका रुळाचे दोन फाटे होतात तिथे, क्रॉसिंगपाशी चुकीच्या बाजूने गाडी आली तरी शॉर्ट. मोठ्या इंजिनात हे जास्त होतं, कारण ते सगळ्या सहा ॲक्सलांवरून वीज उचलतं आणि वीज वेगळी ठेवायला रुळांत मुद्दाम तोडलेला भाग लांबपर्यंत जोडून धरतं. कंट्रोलर असेल तर तो ओळखतो आणि पुरवठा तोडतो. साधा कंट्रोलर एखाद्या अँपिअरला, डिजिटल पद्धतीत रुळांना वीज देणारा बूस्टर तीन ते पाच अँपिअरला, तेही क्षणार्धात. बॅटरी काहीच तोडत नाही. तिच्या आतला रोध ओहमच्या काही हजाराव्या भागाइतका असतो, त्यामुळे थेट शॉर्टमध्ये ती हजाराच्या घरात अँपिअर ओतू शकते.

सजावटीला आपण वापरतो ती बारीक वायर घ्या, अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची, जाऊन-येऊन चार मीटर. तिचा रोध होतो साधारण ०.१४ ओहम. १२ व्होल्टला ०.१४ ने भागा, ८५ अँपिअर येतात. म्हणजे त्या चार मीटर वायरीत सुमारे १,००० वॉट उष्णता, एका इस्त्रीइतकी. एवढ्या वायरीत तांबं असतं १८ ग्रॅमच्या आसपास. ते एक-दोन सेकंदांत शंभर अंशांच्या वर जातं, आणि वायरीवरचं पीव्हीसी सहसा ७० अंशांसाठी बनवलेलं असतं. जोडण्यांतल्या रोधामुळे हा आकडा निम्म्यावर आला तरी परिणाम तोच, फक्त दोन-चार सेकंद उशिरा.

आणि ही वायर कुठे असणार? मखराच्या मागे. थर्माकोल, क्रेप कागद, आणि दूधसागर करायला लावलेला कापूस. समोर समई तेवत असते, घरभर पाहुणे असतात, आरतीच्या वेळी मुलं पुढे बसलेली असतात. शिवाय चार्ज होणाऱ्या लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिच्या टर्मिनलपाशी ठिणगी पाडणं हा वेगळा धोका. ज्याने हा सल्ला लिहिला त्याने एकदा तरी सांध्यावर गाडी घसरताना पाहिली आहे का? मला राग याचा येतो की मेसेजमध्ये फ्यूज हा शब्दसुद्धा नाही.

दूरच्या टोकाला इंजिन मंदावतं, ही तक्रार मात्र खरी आहे, आणि बहुतेक लोक तिथूनच बॅटरीकडे वळतात. त्याचं कारण पुरवठा नसून रुळांचे जोड असतात. पत्र्याच्या प्रत्येक जोडपट्टीत थोडं व्होल्टेज पडतं. मीटर-दीड मीटरवर रुळांना नवी फीडर वायर सोल्डर करा, खालून जाड मुख्य वायर फिरवून त्या तिला जोडा. आवाज आणि दिव्यांचं मोठ्या मापाचं इंजिन असेल, बागेतल्या ४५ मिलिमीटर रुळांचं, तर ते दोन-तीन अँपिअर घेऊ शकतं. त्याला तेवढ्या क्षमतेचा आणि ओव्हरलोडला बंद पडणारा कंट्रोलर घ्यावा. वीज जाते म्हणून बॅटरी हवीच असेल तर टर्मिनलच्या अगदी जवळ दोन अँपिअरचा फ्यूज आणि पुढे कंट्रोलर. त्याशिवाय नाही.

आता पहिला मुद्दा, मोठी इंजिनं नव्हतीच हा. कुळे, सावर्डे, वास्कोतल्या पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा. १८८०च्या दशकात मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत जो मार्ग बांधला गेला तो मीटरगेज होता आणि १९९०च्या दशकात ब्रॉडगेज होईपर्यंत तसाच राहिला. त्यावर वायडीएम-४ धावलं. सहा ॲक्सल, वजन ७२ टन, ताकद १,३०० अश्वशक्तीच्या वर. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून आलं आणि पुढे वाराणसीत बनलं. हे काय लहान इंजिन झालं?

कुणी म्हणेल, मीटरगेज वेगळं आणि नॅरोगेज वेगळं. भारतीय रेल्वेत तशी विभागणी आहेच. पण मॉडेलवाल्यांचं माप ठरतं ते मोरोप या युरोपीय महासंघाच्या एनईएम ०१० या मानकावर, आणि त्यात ८५० ते १,२५० मिलिमीटरपर्यंतचे सगळे गेज नॅरोगेजच्या एकाच गटात, एम या अक्षराखाली येतात. तीन फुटी, मीटर, साडेतीन फुटी, सगळे. १:८७ला त्यासाठी १२ मिलिमीटरचा रूळ.

तीन फुटीचंच उदाहरण हवं तर अलास्कातल्या स्कॅगवेहून युकॉनकडे जाणारी व्हाइट पास रेल्वे घ्या. तिने १९६९ पासून अल्कोच्या डीएल५३५ जातीची सहा ॲक्सलची डिझेल इंजिनं ९१४ मिलिमीटरच्या रुळांवर चालवली. आपलं वायडीएम-४ त्याच डीएल५३५ कुटुंबातलं. कुळ्याच्या घाटातलं आणि अलास्काच्या बर्फातलं इंजिन सख्खे चुलत भाऊ आहेत, हे त्या मेसेजवाल्याला माहीत नसेल तर त्याने निदान "कधी नव्हतीच" असं ठोकून द्यायला नको होतं. ब्राझीलने तर विटोरिया-मिनास मार्गावर लोहखनिज ओढायला १९७०च्या दशकात डीडीएम४५ आणलं. आठ ॲक्सल, ३,६०० अश्वशक्ती, रूळ मीटरगेजचाच.

थोडं खरं यात आहे, ते मान्य करतो. माथेरानसारख्या दोन फुटी रुळांवर अशी इंजिनं नव्हती आणि असणं शक्यही नव्हतं, तिथली वळणंच तशी आहेत. कुणी माथेरानचा देखावा करून त्यावर वायडीएम-४ चालवत असेल तर त्याला जरूर अडवा. पण कुळ्याच्या देखाव्यावर ते नसेल तरच देखावा खोटा.

कलंडण्याचं काय? वायडीएम-४ सुमारे पावणेतीन मीटर रुंद आणि रूळ एक मीटर, त्यामुळे डोळ्यांना ते डगमगेल असं वाटतं. पण बरंचसं वजन खाली असतं, चौकट, मोटरी आणि चाकांच्या गाड्यांमध्ये, म्हणजे बोगींमध्ये. मॉडेलमध्येही धातूची चौकट तळाशी असते. वळणावर आडवे पडतात ते मधले हलके डबे, जेव्हा पुढे इंजिन ओढतं आणि मागे जड डबे अडवतात. डब्यांना सारखं वजन द्या, प्रश्न मिटतो.

कानशीचा मुद्दा वाचून वाईट वाटलं, कारण कुणाच्या तरी महिनोन्‌महिन्यांच्या कामावर ही कानस फिरणार आहे. चाकाची कड, म्हणजे फ्लँज, हीच चाकाला रुळावर धरून ठेवते. ती घासली की चाकावरचा मुलामा जातो, उघड्या धातूवर घाण धरते आणि वीज उचलणं बिघडतं. लोखंडी कीस उडून मोटरच्या चुंबकाला चिकटतो, तो निघता निघत नाही. वाफेच्या काही इंजिनांत मधली चाकं बिनकडेची असत, हे खरं, पण ती तशीच घडवलेली असत. डिझेलमध्ये तीन ॲक्सलांच्या गाड्याला वळणावर नेतं ते मधल्या ॲक्सलचं दोन्ही बाजूंना थोडं सरकणं. इंजिन उतरत असेल तर आधी ते सरकतंय का बघा, मग गाड्याचा स्क्रू जास्त आवळलाय का, मग पायरी किंवा ब्रेकची दांडी गाड्याला घासते का. बहुतेक वेळा यातलंच काहीतरी निघतं. पायऱ्या कापायची गरज पडत नाही. पुढच्या हवेच्या नळ्या कपलिंगच्या आड येत असतील तर त्या टोकाला बसवूच नका, बाजूला जपून ठेवा.

वळण किती हवं याला अमेरिकेतल्या लेआउट डिझाइन स्पेशल इंटरेस्ट ग्रुपचा साधा हिशेब आहे, जगभर वापरतात. सर्वांत लांब डब्याच्या किंवा इंजिनाच्या लांबीच्या अडीचपट त्रिज्या असली तर, डबे-इंजिनं साधारण सारख्या लांबीची असताना, बहुतेक नीट चालतात. तिप्पट असली तर सगळीच चालावीत. त्याच्या वर गेलं की दिसायलाही बरं. वायडीएम-४ मॉडेलमध्ये १८ सेंटिमीटरच्या आत-बाहेर येतं, म्हणजे ४५ सेंटिमीटर त्रिज्या किमान, ५४ असेल तर निश्चिंत. डबे त्याहून लांब असतील तर डब्याची लांबी धरून मोजा. तंग वळणावर मोठं इंजिन उतरतं, एवढं त्या मेसेजमधलं खरं. मग वळण बदला, चाक कशाला घासता?

खोबरेल तेलाबद्दल थोडक्यात. तेल वीज अडवतं, धूळ धरतं, आणि चढावर चाकं फिरत राहतात, गाडी पुढे सरत नाही. कुळे ते कॅसलरॉक घाटाचा चढ ३७ला १ आहे. तो देखाव्यात उतरवायचा, म्हणजे मीटरला २.७ सेंटिमीटर उंची, आणि त्यावर तेल? समुद्राच्या हवेत पितळी रूळ काळे पडतात, हे खरं. त्यावर उपाय म्हणजे निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचे रूळ, आणि चालवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती फडक्याने पुसणं. पुसताना वीज बंद, समई दूर, आणि रूळ पूर्ण वाळल्यावरच गाडी सोडायची.

भाच्याला मी ५५ सेंटिमीटरचं वळण घ्यायला सांगितलंय. त्याने प्लायवूडची फळी मोजली, बसतंय. मखराच्या मागून जाणारी बॅटरीची वायर त्याने कालच काढून टाकली.