फेस झाला तेव्हा कुठे होतात?
एका लेखात म्हटलंय की २०२३च्या ‘द लिटिल मर्मेड’ या सिनेमात हॅली बेली या कृष्णवर्णीय मुलीला एरियल, म्हणजे त्यातली जलपरी, केलं आणि मूळ कथेची वाट लागली. मूळ कथा म्हणजे डॅनिश लेखक अँडरसनची, १८३७ची ना? त्यात जलपरीला राजपुत्र मिळतच नाही, ती समुद्राचा फेस होते. १९८९च्या डिस्नेच्या कार्टून सिनेमाने तिचं थेट लग्नच लावून दिलं, तेव्हा कुणाला मूळ कथा आठवली नाही! रंग बदलला की मात्र लगेच आठवते.

आम्ही बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातले. माझी भाची दुसरीत असताना शाळेच्या गॅदरिंगला तिला परी व्हायचं होतं. बाईंनी तिला झाड केलं. वर झाडाच्याही तोंडाला पावडर थापली, मानेपर्यंत पांढरी आणि खाली पोरगी जशीच्या तशी. फोटो अजून कपाटात आहे, ती कुणाला दाखवू देत नाही.

सिनेमा तसा लांबलेला आहे, पाण्याखालचे सीन फारच काळोखे वाटले, हे मान्य. पण एरियल पडद्यावर आल्यावर भाची माझ्या कानात पुटपुटली, “मामा, हिला पावडर नाय लावली.”