रिकाम्या निवाऱ्याचा दाखला

मी राहते कॅनडात, टोरांटोला, पण आमच्या नाशिकच्या सोसायटीच्या ग्रुपवर आहे, आणि तिथे सध्या एकच विषय धुमसतोय. शेजारच्या बंद पडलेल्या सभागृहात बेघरांसाठी रात्र निवारा करावा, असं कोणीतरी सुचवलं आणि लोक तुटून पडले. गर्दुल्ले येतील, फ्लॅटचे भाव पडतील, ही नेहमीची रड होतीच. मला झोंबलं ते एका काकांचं म्हणणं: "आहेत ते निवारे रिकामे पडलेत. गरज असती तर भरले नसते का? आणि आपल्याकडे थंडी ती काय? टोरांटोत उणे वीस असतं, विचारा हिला." मी उत्तर लिहिलं, तर "तू हीटरपाशी बसून आम्हाला शिकवू नकोस" असं ऐकावं लागलं. चार ओळींत मावणारं नव्हतंच ते, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

काका, विचारलंत म्हणून सांगते. माणूस गारठून मरायला बर्फ लागत नाही. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली उतरलं की जीव धोक्यात येतो, आणि त्यासाठी ओले कपडे, बोचरा वारा, उपाशी पोट आणि थकलेलं वय एकत्र आलं तर बाहेरचे सात-आठ अंशही पुरतात. दारूने ऊब आल्यासारखी वाटते खरी, पण कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावून अंगातली उष्णता उलट लवकर निघून जाते. कुडकुडणं थांबलं की बघणाऱ्याला वाटतं, सावरला बिचारा. खरा धोका तिथेच असतो. निफाडचा पारा पाच-सहाच्या घरात आला की आपण त्याचे स्क्रीनशॉट कौतुकाने फिरवतो. त्याच रात्री गोदाघाटावर ओल्या फरशीवर पोतं अंथरून कोणीतरी झोपलेलं असतं, आणि ऊसतोडीला आलेली कुटुंबं फडाशेजारच्या कोप्यांत तान्ह्या पोरांना पोटाशी घेऊन पडलेली असतात.

नुसत्या तापमानाच्या आकड्यावर विसंबलं की काय होतं ते टोरांटोने भोगलंय. जानेवारी २०१५ मध्ये इथे दोन बेघर माणसं लागोपाठ दगावली. त्यातला एक यंग-डंडास चौकाजवळच्या बसथांब्यावर नुसत्या टी-शर्ट आणि जीन्समध्ये सापडला होता. तेव्हा अतिथंडीचा इशारा उणे पंधराला द्यायची रीत होती आणि तो दिलेला नव्हता. मग तेव्हाचे महापौर जॉन टोरींनी इशाऱ्याची वाट न बघता ऊबकेंद्रं उघडायला लावली. आता ती उणे पाचलाच उघडतात. लोक भांडले, दर हिवाळ्यात भांडत राहिले, म्हणून हा आकडा हलला. होली ट्रिनिटी चर्चमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी शहरातल्या मृत बेघरांची नावं वाचली जातात. ज्यांची नावंही कळली नाहीत, ते तिथे जॉन डो, जेन डो म्हणून नोंदलेत. अशी यादी कुठल्या घाटावर वाचली जाते, ते आमच्या ग्रुपने मला सांगावं.

आता रिकाम्या निवाऱ्यांकडे येते. मुख्य राग त्याचाच आहे.

हातगाडी ओढणारा माणूस गाडीवरच का झोपतो? गाडी भाड्याची असते, चोरीला गेली तर भरपाई त्याच्याच बोकांडी बसते. निवाऱ्यात गाडीला जागा नसली तर तो येणार नाही. बिगाऱ्याला पहाटे नाक्यावर उभं राहावं लागतं. निवारा पाच किलोमीटरवर असला की त्याची हजेरी बुडाली. नवरा-बायकोला वेगळं झोपवणार असतील तर ते रस्त्यावरच एकत्र राहतील. त्यात दारावर कागद मागतात. जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच उत्तर प्रदेश सरकारला विचारलं होतं की ज्याला घरच नाही, त्याचं आधार कार्ड कुठल्या पत्त्यावर काढायचं. केंद्राच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात २०१३ मध्येच शहरी भागात लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक कायम निवारा, असं प्रमाण ठरलं होतं. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून जास्त बेघर मोजले गेले. इतक्या लोकांसाठी बांधलेली खोली रिकामी राहत असेल, तर दोष आधी त्या खोलीत शोधायला हवा.

इथेही हे असंच आहे. १९८७ मध्ये सिस्टर सुझन मोरान यांच्या पुढाकाराने 'आउट ऑफ द कोल्ड' हा बेघरांना हिवाळ्यात आसरा देणारा उपक्रम सुरू झाला, आणि पुढे कितीतरी चर्च आणि सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळांच्या) तळघरांत गाद्या पडल्या. अशाच एका तळघरात मी हिवाळ्यात जाते. तिथे एक आजोबा यायचे, झोपतानाही बूट काढायचे नाहीत. काढले की चोरीला जातात, हा त्यांचा अनुभव. एकदा मी कोरडे मोजे पुढे केले आणि त्यांचे बूट ते उठेपर्यंत माझ्या खुर्चीखाली ठेवीन म्हटलं, तेव्हा कुठे ते तयार झाले. बुटांच्या आत ब्रेडच्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, पाऊल पांढरंफटक, बोटांच्या टोकांना जाणीव नाही. गादी आधीही होतीच. बूट सांभाळणारं कोणी नव्हतं, म्हणून ते स्ट्रीटकारमध्ये शेवटच्या फेरीपर्यंत बसून राहायचे.

ग्रुपवर मला ऐकवलं गेलं की तिकडचं कौतुक तिकडेच ठेव. ते मनाला लागलंय. नाशिकमध्ये मी लहानाची मोठी झाले, घाटावर झोपलेल्यांना ओलांडून क्लासला गेले, कधी कोणाशी दोन शब्द बोलले नाही. तिथे मी कोणाची तरी मुलगी, कोणाची तरी भाची होते, हाक मारली की चार घरं उघडत. इथे आले तेव्हा तळघरातली भाड्याची खोली सुटली असती तर कोणाचं दार वाजवावं, हे मला सांगता आलं नसतं. त्या पहिल्या हिवाळ्यापासून थांब्यावर झोपलेला माणूस मला दिसायला लागला. इथे नागरिकत्व नाही म्हणून मत नाही. तिथे मत द्यायला जातीने हजर राहावं लागतं. दोन्ही गावांत मला बोलायचा अधिकार काय, हे काकांनी विचारलं तर मी सांगेन की माझे आईवडील अजून त्याच सोसायटीत राहतात आणि सभागृहाच्या वर्गणीची पावती माझ्या नावावर आहे.

तेव्हा माझं म्हणणं मी सेक्रेटरींना लेखी पाठवलंय. दार रात्री उशिरापर्यंत उघडं असावं आणि कागद मागू नयेत. गाड्या लावायला मागचं पटांगण द्यावं, कुलूप लागणारी कपाटं करावीत, कुटुंबांसाठी एक खोली वेगळी ठेवावी. आणि रात्री घाटावर जाऊन लोकांना घेऊन येणारी दोन माणसं पगारावर नेमावीत. त्यातल्या एकाचा पगार मी देते.