परीक्षेत कॉपीला परवानगी? आधी पद्धत तरी समजून घ्या

"कॅनडा-अमेरिकेत आता परीक्षेत कॉपीला परवानगी! हुशार मुलांचं नुकसान, ढ मुलांना फुकट मार्क. आपल्या मुलांना घोळक्यात अभ्यास करू देऊ नका." आमच्या फॅमिली ग्रुपवर हा फॉरवर्ड पुन्हा फिरून आला. तो वाचून ताईने व्हँकुव्हरला शिकणाऱ्या भाचीला मैत्रिणींबरोबर अभ्यासाला बसणं बंद करायला लावलं, म्हणून हे लिहितोय.

कॉपी कसली? तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियात बऱ्याच विषयांना दोन टप्प्यांची परीक्षा असते. आधी प्रत्येकाने आपला पेपर एकट्याने सोडवून देऊन टाकायचा. मग तिघाचौघांच्या गटाला बहुतेक तेच प्रश्न, आणि सगळ्यांत मिळून एकच उत्तरपत्रिका. मत जुळलं नाही तर वाद घालून पटवायचं. एकट्याच्या पेपरला साधारण ८५ ते ९० टक्के वजन असतं, उरलेलं गटाला.

हुशारांचं नुकसान? गटाचे मार्क कमी आले तर सहसा स्वतःचेच धरतात. संपला विषय.

"ढ मुलं नुसतं उत्तर उचलतात" हे मात्र सगळ्यांना लगेच पटतं, आणि सगळ्यात चुकीचं तेच आहे. कोलोरॅडो विद्यापीठातल्या जनुकशास्त्राच्या वर्गाचा अभ्यास २००९ साली 'सायन्स' या संशोधन नियतकालिकात छापून आला. ती परीक्षा नव्हती, तासाला विचारलेले प्रश्न होते. एकट्याने उत्तर दिलं तेव्हा सरासरी ५२ टक्के बरोबर. शेजाऱ्यांशी चर्चा करून त्याच प्रश्नाला ६८. मग बरोबर उत्तर न सांगताच त्याच संकल्पनेवर नवा प्रश्न घातला, पुन्हा एकट्याने सोडवायचा: ७३ टक्के. उत्तर नुसतं उचललं असतं, तर नव्या प्रश्नाला ते कसं चाललं असतं? काही अवघड प्रश्न तर सुरुवातीला इतक्या थोड्यांना आले होते, की बऱ्याच गटांत उत्तर माहीत असलेलं कुणी असणंच शक्य नव्हतं. तरी चर्चेनंतर मुलं सुधारली. तिथे कुणाचं उचललं? अडलेल्या मुलाला सोबत्यांपासून तोडा, असा सल्ला कुठल्या तोंडाने देता?

मार्क फुगतात, हे खरं. लक्षात राहतंच असंही नाही: अमेरिकेतल्या जीवशास्त्राच्या एका मोठ्या वर्गात गटपरीक्षेने मार्क वाढले, पण नंतर आठवण्यात फरक पडला नाही, असं २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं. एवढं मान्य. पण फायदा टिकला नाही म्हणजे तोटा झाला असं होत नाही, आणि फॉरवर्डमध्ये तर तोटाच लिहिलाय, तोही एकाही पुराव्याशिवाय.