‘शोकेसमध्ये मरण मांडून चहा पिणारे’: एका वाचकाला उत्तर

नमस्कार. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या चिनीमातीच्या छोट्या रणगाड्यांवर मी लिहिलं, त्यावर तुमची टीका आली. नावाच्या जागी तुम्ही नुसतं ‘एक वाचक’ लिहिलंय, त्यामुळे अहो म्हणू की अगं तेही कळेना, असो.

आधी चूक मान्य करतो. रणगाडा युद्धात पहिल्यांदा उतरला तो १५ सप्टेंबर १९१६ ला, मी १९१७ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, थँक्यू.

पण ‘महायुद्धातले चिनीमातीचे रणगाडे जमवणारे म्हणजे शोकेसमध्ये मरण मांडून चहा पिणारे लोक’, हे काय बोलणं झालं? मुद्दा असेल तर मांडा ना, टोमणा कशाला?

अहो, इंग्लंडातल्या स्टोक-ऑन-ट्रेंटचे हे चिनीमातीचे कारखाने युद्धाआधीपासून गावोगावची मानचिन्हं रंगवलेले छोटे घडे, बूट, मांजरी बनवायचे आणि सहलीला गेलेली माणसं आठवण म्हणून घरी न्यायची, आपण महाबळेश्वरहून चपला आणतो तसं. युद्ध आलं, साचे बदलले. पाणबुडी, झेपेलिन म्हणजे जर्मनांचं हवाई जहाज, रेड क्रॉसची ॲम्ब्युलन्स. १६ डिसेंबर १९१४ ला जर्मन जहाजांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या स्कारबरोवर तोफा डागल्या, तर तिथल्या दीपगृहाचं मॉडेल गोळ्यांच्या भोकांसकट विकायला आलं. ती भोकं काय मजा म्हणून पाडली होती?

माझा रणगाडा इंग्लंडात डर्बीला रविवारच्या कार बूट सेलमध्ये, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारात मिळाला. बोटभर लांब, रणगाडा वळवायला मागच्या बाजूला दोन चाकं असतात त्यातलं एक तुटलेलं. बाजूला लिंकन शहराचं मानचिन्ह, आणि खरा रणगाडा बनला तोही लिंकनलाच, विल्यम फॉस्टरच्या कारखान्यात. चिन्हाची रेघ छापलेली असते, रंग हाताने भरतात. माझ्यावरचा तांबडा क्रॉस एका बाजूला रेघेबाहेर सांडलाय, भरणारीचा हात हलला असणार. तिचा भाऊ तेव्हा फ्रान्सला असेल की नसेल? मला तर त्या सांडलेल्या रंगातच सगळं दिसतं, तुम्हाला फक्त मरण दिसतं, त्याला मी काय करू.

आणि मरणाचं मला शिकवू नका. माझे पणजोबा ब्रिटिशांच्या मराठा पलटणीतून आजच्या इराकमधल्या बसऱ्याला गेले, तिथल्याच कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात सापडले, २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली, ते परत आलेच नाहीत. सरकारने त्यांच्या नावाचा काशाचा गोल बिल्ला पाठवला, त्यावर ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली बाई, आणि सिंह. आजीला वाटायचं सिंहवाली देवीच आहे. बिल्ला देवघरात होता, दर दसऱ्याला हळदकुंकू, अजून त्या सिंहाच्या आयाळीत कुंकू साचलेलं आहे. आता बोला, आजीपण मरण मांडून बसली होती का?

बाकी साम्राज्याचा माज, युद्धावर पैसे कमावणारे कारखानदार, आपल्या शिपायांचा कुठे पत्ताच नाही वगैरे तुमचे जे चार मुद्दे आहेत त्यांत नवीन काही नाही, सोडून देतो.

पुढच्या वेळी नाव लिहा. आणि हो, मी चहा पीत नाही.